मानसतज्ज्ञ केंद्राला हवा
(बीड जिल्ह्यातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 मला एकच मागायचंय. शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक शालेय मानसतज्ज्ञ, आणि तोही दसऱ्याच्या आत.

दसराच का? ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघाल्या की पोरं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पाटोद्याकडच्या एका शाळेत चौथीतलं पोरगं माझ्यापुढे बसवलं. "सर, मंद आहे, टेस्ट घ्या." मी चाचण्यांची पेटी उघडली. पोरगं म्हणालं, "लवकर उरका, आजीला गोळी द्यायचीय." पहाटे पाणी भरायचं, धाकटीचं आवरायचं, मग शाळा. वर्गात डोळा लागणारच! पेटी मिटली, फोन काढला. बापाचा बंद. टोळीच्या मुकादमाचा लागला, तर तो माझ्यावरच उखडला, "उचल फिटल्याबिगर कोयता सुटत नसतो!" त्याला वाटलं, आम्ही पोराच्या आईबापांना सोडवून न्यायला निघालोय. म्हणजे समुपदेशन झालं ते मुकादमाचं! (हशा) हसा, पण शेवटी त्याच्याच फोनवरून दर रविवारी रात्री आई फडावरून बोलू लागली. आजीच्या गोळ्या आशाताईंनी अंगावर घेतल्या. पोरगं वाचताना अजून अडखळतं, पण वर्गात जागं असतं.

मागून आवाज आला, "आणखी एक काम आमच्यावर!" ऐकलं, गुरुजी. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहार तुमच्याच गळ्यात आहे, म्हणून तर वेगळा माणूस मागतोय. मी शिक्षकांच्या विरोधात बोलत नाही, कृपा करून विरोधात बोललो असं बाहेर सांगू नका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. चाचण्यांची पेटी लागतेच, नाही असं नाही. वाचन अडतं ते डोळ्यांमुळे, बुडालेल्या शाळेमुळे की अध्ययन अक्षमतेमुळे, हे नीट तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. आठवीतली मुलगी अचानक यायची थांबली, तर लग्न ठरलंय का, हे विचारणंही या मानसतज्ज्ञाचंच काम. मुलानं विश्वासानं सांगितलेलं पारावर जाऊ नये, तेही त्यानंच पाहायचं.

आता न्यायालय. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनं पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आपल्या वस्त्या-तांड्यांवरच्या शाळांचे पट आठवा. शंभर कुठून येणार? आणि बाहेरचा तज्ज्ञ म्हणजे अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज. आजी पोराला घेऊन कुठली एसटी धरणार? म्हणून केंद्र. दहा-बारा शाळा, एक माणूस, एक दुचाकी, आणि हंगामात मुक्काम वसतिगृहावर.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. या मागणीच्या ठरावाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय. येत्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला द्या. पोच घ्यायला विसरू नका.