नवतपा आणि गिटार



नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूर-अकोल्याकडे आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, पन्हं पितो, कूलरच्या टाकीत पाणी भरतो. घरातली गिटार मात्र भिंतीवरच्या खुंटीला तशीच लटकत असते. लाकडाला काय होणार, असा आपला समज. मग जून उजाडायच्या आत कुणाच्या तरी गिटारीला ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत बारीक चीर जाते आणि शिव्या बसतात दुकानदाराला.

मी बोलतोय ती अकूस्टिक गिटार, पोकळ लाकडी पोटाची. तिची वरची फळी बहुधा स्प्रूस लाकडाची असते, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड. स्टीलच्या सहा तारा मिळून तिच्यावर ७० किलोच्या आसपास ताण देतात. तो ती वर्षानुवर्षं सोसते. तिला सोसत नाही ती कोरडी हवा.

झाड तोडलं, फळ्या पाडल्या, पॉलिश केलं, तरी लाकूड हवेतली ओल घेत-सोडत राहतं. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसतं आणि उन्हाळ्यात सुटं होतं, हे आपण पाहतोच. हे फुगणं-आखडणं लाकडाच्या रेषांच्या लांबीत जवळपास नसतं, आडव्या अंगानं असतं. आता गिटारीची फळी चहूकडून बाजूंना चिकटवलेली आणि आतून तिला आडव्या-तिरप्या पट्ट्यांचा आधार. हवा कोरडी पडली की फळीला अरुंद व्हायचं असतं, पण कडा आणि पट्ट्या तिला होऊ देत नाहीत. मग ती रेषेवर फाटते. बाहेरच्या पॉलिशनं हे जरा लांबतं, टळत नाही. आतून तर फळी बहुधा उघडीच असते.

प्लायवूडची स्वस्त गिटार या बाबतीत चिवट. तिच्या थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला आवरतो. हाल होतात ते अखंड लाकडाच्या महागड्या गिटारीचे. जास्त पैसे मोजणाऱ्यानंच जास्त जपायचं, हा न्याय मला पटत नाही, पण लाकडापुढे काय बोलणार!

चांगले कारखाने हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवून गिटार जोडतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते. इथे जुन्या कूलरचे उपकार मानायला हवेत. वाळ्याच्या ताट्या आणि गवताच्या जाळ्या नुसता गारवा देत नव्हत्या, खोलीत ओलही सोडत होत्या. एसी पाण्याचा थेंबही देत नाही, उलट हवेतलं बाष्प काढून नळीवाटे बाहेर टाकतो. म्हणून गिटार कूलरच्या झोतात ठेवा असं नाही. तिथे आर्द्रता वाजवीपेक्षा वर चढते आणि वीज गेली की धपकन उतरते. ही चढउतारही वाईटच.

हाच त्रास आपल्या मुलांना थंड देशांत होतो. टोरंटोत जानेवारीत बाहेर शून्य अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा घरात २१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता २० टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरण्याची ताकद वाढलेली असते. गिटारीच्या दृष्टीनं हिवाळ्यातलं टोरंटो आणि नवतप्यातलं नागपूर एकच.

चीर पडण्याआधी गिटार सूचना देते. फ्रेटबोर्डचं लाकूड आखडतं, फ्रेटची धातूची पट्टी आखडत नाही, म्हणून तिची टोकं कडेला हाताला टोचू लागतात. वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटजवळ येतात आणि झणझणतात. अशा वेळी ब्रिज तासायला किंवा उंच करायला धावू नका. आधी ओल द्या.

एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तो खरं बोलतो का, हे स्वयंपाकघरातल्या मिठानं तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओलसर होईल इतकंच पाणी, आणि हे झाकण मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी आकडा ७५ च्या आसपास दिसायला हवा; जितका फरक, तितका हिशेबात धरा.

मग गिटार खुंटीवरून उतरवून बंद पेटीत ठेवा. भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला स्पंज ठेवून ती पेटीत गिटारीच्या मानेखालच्या मोकळ्या जागेत बसवा. स्पंजमधून पाणी ठिबकता कामा नये. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं स्पंज क्षारांनी कडक होतो. आर्द्रता पन्नाशीच्या आसपास धरून ठेवणाऱ्या तयार पुड्याही मिळतात. त्या ओल देतात आणि जास्त झाली तर शोषूनही घेतात. महाग आहेत, पण निर्धास्त.

चीर पडलीच, तर लगेच गोंद भरू नका. आठवडा-दोन आठवडे गिटारीला सावकाश ओल मिळू द्या. पुष्कळदा चिरेच्या कडा आपोआप जुळून येतात आणि मग कारागीर आतून लाकडाचे छोटे तुकडे लावून ती पक्की करतो. उघडी असतानाच भरलेली चीर पावसाळ्यात फळी फुगली की भलतीकडे जोर करते.

मृग बरसला आणि मापक साठीच्या वर जाऊ लागला की स्पंज काढून टाका. आता पेटीत सिलिका जेलच्या पुड्या लागतील. या पुड्या दसरा-दिवाळीत न विसरता बाहेर काढा. बऱ्याच पेट्यांत त्या मार्चपर्यंत पडून असतात, आणि तुम्ही हौसेनं ठेवलेल्या स्पंजची ओल गिटारीआधी त्याच पिऊन टाकतात.