माफी कशाची मागावयाची?

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



इंदुरात माफीविषयी बोलावयाचे, तर टंट्या भिल्लाचे नाव टाळून चालणार नाही. १८७४ च्या सुमारास निमाडच्या या भिल्लाला ‘वाईट मार्गाने उपजीविका करतो’ एवढ्याच आरोपावरून एक वर्षाची कैद झाली. सुटल्यावर तो चोऱ्यांकडे वळला. १८७८ मध्ये पुन्हा पकडला गेला, आणि तीनच दिवसांत खांडव्याच्या तुरुंगातून निसटला. पुढे अकरा वर्षे सरकारला तो गवसला नाही. अखेरीस त्याने माफीची आशा धरली. इंदूरच्या फौजेतील एका अधिकाऱ्याने ती मिळवून देण्याचे वचन दिले आणि विश्वासाने भेटीस आलेल्या टंट्याला पकडले, अशी हकीकत आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरास तो फासावर गेला.

त्या वचनात माफी नेमकी कशाची होती, हे टंट्याने कोणाला विचारावे? आज मात्र प्रत्येक अर्जदाराने ते विचारलेच पाहिजे. आपल्या घटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपतींना व १६१ व्या कलमाने राज्यपालांना क्षमेचा अधिकार दिला आहे. परंतु शिक्षेत सूट मिळणे वेगळे आणि पूर्ण माफी मिळणे वेगळे. सूट मिळाली की तुरुंगाचे दार उघडते. दोषसिद्धी मात्र जागच्या जागी राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये शरच्चंद्र राभा यांच्या निवडणूक खटल्यात हेच स्पष्ट केले. सूट मिळालेला मनुष्य घरी येतो, मुलाबाळांत बसतो, आणि नोकरीच्या अर्जातील ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय?’ या रकान्यापाशी त्याची लेखणी अडते. तेथे ‘नाही’ लिहिणे म्हणजे नवे संकट ओढवून घेणे होय.

मग कलंक पुसण्याचा मार्ग कोणता? अल्पवयीनांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या २४ व्या कलमात काही गंभीर अपवाद वगळता अपात्रता दूर करण्याची व नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन वा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. प्रौढांच्या जुन्या नोंदी काही वर्षांनी आपोआप पुसल्या जातील, असा सर्वसाधारण कायदा मात्र आपल्या देशात नाही. तरुणपणी एका मारामारीत दंड भरलेला मनुष्य साठीतही त्या कागदास बांधलेला असावा, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

सीमाभागात आंदोलनाचे खटले अंगावर असलेली घरे पुष्कळ आहेत. म्हणून हेही सांगितले पाहिजे. निकालापूर्वी सरकारी वकिलाला न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेता येतो. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या ३२१ व्या कलमाखाली होई. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६० व्या कलमाखाली होते. नुसती सरकारी घोषणा पुरेशी नाही. न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल हाती घ्यावी व घरी जपून ठेवावी.

टंट्याचा देह पातालपाणीजवळ टाकला, असे येथील लोक सांगतात. २०२१ मध्ये मध्यप्रदेश शासनाने त्या स्थानकाला त्याचे नाव देण्याची घोषणा केली.