दोन बिंदू, एकच शस्त्रक्रिया

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या भाषेने डोळ्यांच्या दोन विकारांना एकाच धाटणीची नावे दिली आहेत : मोतीबिंदू आणि काचबिंदू. हिंदीत तर एक सफेद मोतिया, दुसरा काला मोतिया. या नामसाम्यातून घरोघरी एक घातक समज रुजला. दोन्ही ‘पिकतात’ आणि पिकल्यावर काढून टाकले की झाले! वास्तविक मोतीबिंदूत केवळ भिंग गढूळ होते; कृत्रिम भिंग बसवले की दिसू लागते. काचबिंदूत मात्र प्रतिमा मेंदूकडे नेणारी चेता झिजते आणि तिच्याबरोबर गेलेली दृष्टी कोणताही शल्यविशारद परत आणू शकत नाही. बहुधा दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर नकळत मावळत जाते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्यात काचबिंदू आपले काम उरकून घेतो.

डोळ्यात एक स्वच्छ द्रव अखंड तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. निचरा तुंबला की दाब वाढतो. तो उतरवण्यासाठी रोज थेंब घालायचे, बहुतेकांना तर आयुष्यभर. औषध उत्तम असते; पण हात थरथरतो, लग्नाकार्याला जाताना बाटली घरी राहते आणि निवृत्तिवेतनातून तिचा खर्च दरमहा करावा लागतो.

म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतच त्या जाळीत सूक्ष्म नलिका बसवण्याची कल्पना पुढे आली. टायटॅनियमचा, जेमतेम 1 मिलिमीटर लांबीचा ‘आयस्टेंट’ अमेरिकेत 2012 साली मान्य झाला. 8 मिलिमीटरचा ‘हायड्रस’ 2018 साली. हायड्रसच्या चाचणीत पाच वर्षांनंतर सुमारे 66 टक्के रुग्ण थेंबांवाचून होते. केवळ मोतीबिंदू काढलेल्यांत 46 टक्के. हा दुसरा आकडाही विसरू नका. नुसते भिंग बदलल्यानेही दाब काहीसा उतरतो, तेव्हा सारे श्रेय नलिकेला देणाऱ्या जाहिरातीकडे जरा सावधपणे पाहावे.

सावधगिरीचे कारण आहे. ‘सायपास’ नावाची अशीच एक नलिका 2016 साली मान्य झाली. पाच वर्षांच्या पाहणीत तिच्यामुळे पारदर्शक पटलाच्या आतील पेशी अधिक घटत असल्याचे दिसले आणि 2018 साली कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. दोन वर्षांचे निष्कर्ष उत्तम होते, हे विशेष!

शिवाय जाळीत बसणाऱ्या या नलिका सर्वांसाठी नाहीत. आजार सौम्य वा मध्यम हवा, निचऱ्याचा कोन उघडा हवा. आपल्याकडे अरुंद कोनाचे रुग्णही पुष्कळ; त्यांच्यात कित्येकदा जाड झालेले भिंग काढल्यानेच वाट मोकळी होते. आजार बळावला असेल, तर 1968 पासून रूढ असलेली ट्रॅबेक्युलेक्टमी किंवा मोठे रोपण लागते. अशा रोपणाचे स्वदेशी, स्वस्त रूप मदुराईच्या ऑरोलॅबने 2013 साली आणले. परदेशी रोपण न परवडणाऱ्यांसाठी ती मोठीच सोय झाली.

तेव्हा मोतीबिंदूची तारीख ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : दाब किती आहे? कोन पाहिला का? चेतेची तपासणी झाली का? नलिका बसवली तरी दाब आणि दृष्टिक्षेत्र तपासत राहावे लागते. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला, तर त्याच्या भावंडांना व मुलांनाही तपासणीला न्या. हा विकार रक्ताच्या नात्यात अधिक आढळतो.