संस्थांना सांभाळणारी संस्था

गावातलं महिला मंडळ, वाचनालय, दिव्यांगांची शाळा यांचं काम आपल्याला दिसतं. त्यांचे हिशेब कोण लावतं, ते दिसत नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. दरवर्षीचं लेखापरीक्षण वेगळंच. पिशवीभर चुरगळलेल्या पावत्या घेऊन आलेल्या ताईंशेजारी बसून, एकेक पावती हातानं सरळ करून वहीत चिकटवणारी माणसं जिल्ह्याच्या साहाय्य संस्थेत असतात.

आता या साहाय्य संस्थेचीच ओढाताण चालली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगीचा कायदा बदलला. अशी देणगी मोठ्या संस्थेनं छोट्या संस्थेकडे सोपवणं बंद झालं. त्या देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कचेरीचं भाडं, हिशेबनीसाचा पगार यातच बसवायचा. देणगीदार रुग्णवाहिकेला आनंदानं पैसे देतात, हिशेबनीसाला मात्र कुणी देत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी देणगी देताना ‘कार्यालयीन खर्चासाठी’ असं आवर्जून लिहा. संस्थेला देणगीवरील करसवलतीची मान्यता (८०जी) असेल, तर जुन्या करपद्धतीतली सवलत याही देणगीला मिळते.