कोडविना सॉफ्टवेअर आणि वडिलांची खतावणी



होमिओपॅथीच्या डॉक्टरने सॉफ्टवेअरवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मला कोडची एक ओळही लिहिता येत नाही. तरीही माझ्या दवाखान्यातील नोंदींचे ॲप मी स्वतः तयार केले आहे. अशा साधनांना ‘नो-कोड’ म्हणतात. थोडा कोड लिहावा लागला तर ‘लो-कोड’. पडद्यावर रकाने मांडायचे, ‘अमुक झाले तर तमुक कर’ असे नियम निवडायचे. बाकीचे ते साधन सांभाळते.

नाव नवे असले तरी कल्पना जुनी आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ आले. तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. त्यासाठी हिशेबनिसाला प्रोग्रामरची वाट पाहावी लागेना. आजची साधने त्याच वाटेने पुढे आली आहेत.

फायदा काय? आमच्या शास्त्रात रोग्याला गारवा सोसतो की ऊन, तहान किती, झोप कशी, हे विचारावे लागते. मी पाहिलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये निदानाचा आणि बिलाचा रकाना होता, तहानेचा नव्हता. माझ्या ॲपमध्ये तो मी एका संध्याकाळी घातला, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत. ज्याचे काम, त्यालाच त्यातले बारकावे ठाऊक असतात.

या साधनांविषयी दोन समज आढळतात. काही जाणकार त्यांना खेळणे म्हणतात, तर आपण जादू म्हणतो. माझाही जादूचाच समज होता. तो एका सूनबाईंनी घालवला. मागची नोंद पाहून मी विचारले, “चक्कर कमी आहे ना?” त्या म्हणाल्या, “डॉक्टर, चक्कर सासूबाईंना येते, मला नाही.” मी रोग्याची ओळख मोबाइल क्रमांकावर ठेवली होती आणि त्या घरात फोन एकच होता. दोघींच्या नोंदी एका पानावर आल्या होत्या. सूनबाई बोलल्या नसत्या, तर सासूबाईंचे औषध त्यांच्या हाती गेले असते.

त्या रात्री मला वडिलांची दुकानातली कीर्द-खतावणी आठवली. कीर्दीत रोजचा व्यवहार, खतावणीत प्रत्येकाचे वेगळे खाते. एका वाड्यात चार भाऊ असले तरी खाती चार. वडिलांना जे कळत होते, ते मी विसरलो होतो. साधनाने माझी कोड लिहिण्याची मेहनत वाचवली. विचार करण्याची नाही. आता प्रत्येक रोग्याला स्वतंत्र क्रमांक आहे.

आणखी दोन गोष्टी. ॲप माझे असले तरी ते चालते कंपनीच्या जागेत, भाडेकरूसारखे. म्हणून दर महिन्याला नोंदींची प्रत मी स्वतःकडे उतरवून ठेवतो. दुसरी, रोग्याची माहिती ही त्याची ठेव आहे. २०२३ मध्ये आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आमच्या घरी त्याआधीपासून अपरिग्रह शिकवला जातो: गरजेपेक्षा जास्त साठवू नये. माहितीलाही तो लागू आहे.

मंडळाच्या ग्रंथालयाची देवघेव वही अशा ॲपवर सहज आणता येईल. मात्र आधी कागदावर खाती आखा, मग संगणक उघडा.