मांजराच्या पावलांचा ताल



टॉम आणि जेरी ओळखत नाही असं मूल आज सापडणं कठीण. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली आणि मांजर-उंदराची ही जोडी आपल्याही घरात मुक्कामाला येऊन राहिली. आजोबा आणि नातू एकाच खाटेवर बसून त्यांना हसू लागले. पण स्कॉट ब्रॅडली हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? टॉम ज्या सुरांवर धावतो, आपटतो आणि पुन्हा उठतो, ते सूर या गृहस्थांनी लिहिले. बग्ज बनी नावाच्या त्या गाजर खाणाऱ्या सशासाठी तेच काम कार्ल स्टॉलिंग यांनी केलं. दोघेही अमेरिकन, दोघांचाही जन्म नोव्हेंबर १८९१चा. सहा-सात मिनिटांच्या कार्टूनपटांसाठी त्यांनी जे लिहिलं, ते आज मोठमोठे सिंफनी वाद्यवृंद सभागृहात हजारो श्रोत्यांपुढे वाजवतात. आज मला त्याविषयी बोलायचं आहे. कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. हसवण्यासाठी केलेलं काम हलकं असतं का?

स्टॉलिंग मूळचे मिसुरी राज्यातले. मूकपटांच्या काळात ते कॅन्सस सिटीच्या चित्रपटगृहात ऑर्गन वाजवत. पडद्यावर घोडा आला की घोड्याचं संगीत, वादळ आलं की वादळाचं, आणि तेही तिथल्या तिथे. याच शहरात वॉल्ट डिस्ने या धडपडणाऱ्या तरुणाशी त्यांची ओळख झाली. पुढे १९२८ साली डिस्नेंनी आपल्या सुरुवातीच्या मिकी माउस पटांच्या संगीतासाठी त्यांना बोलावलं. चित्राच्या मागून संगीताने जावं की संगीताच्या मागून चित्राने, यावर दोघांचा वाद होई. त्या वादातूनच ‘सिली सिंफनीज’ ही मालिका जन्मली, संगीताला पुढे ठेवणारी. १९२९चा सांगाड्यांच्या नाचाचा पट हे तिचं पहिलं फळ.

मी मराठी गझल लिहितो. मात्रा मोजायची सवय बोटांना लागलेली आहे. म्हणून या मंडळींच्या कामाची रीत वाचली तेव्हा मला ती अगदी घरची वाटली. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात. दर बारा फ्रेमला एक ठोका ठेवला, तर मिनिटाला एकशेवीस ठोके होतात. दर आठ फ्रेमला ठेवला, तर एकशेऐंशी. मांजर चोरपावलांनी येताना एक हिशेब, पळत सुटलं की दुसरा. चित्रकार आणि संगीतकार दोघेही हा हिशेब आधी कागदावर मांडत, आणि मग वादकांच्या कानात त्याच वेगाचा टिकटिक आवाज सोडून ध्वनिमुद्रण होई. आपल्याकडे एक मात्रा चुकली तर शेर लंगडतो. तिथे एक ठोका चुकला तर मांजर आधी आपटतं आणि आवाज मागून येतो. मग हसू येत नाही.

स्टॉलिंग १९३६ साली वॉर्नर ब्रदर्सकडे गेले आणि १९५८पर्यंत तिथे राहिले. या बावीस वर्षांत त्यांनी सहाशेहून अधिक कार्टूनपटांना संगीत दिलं. म्हणजे साधारण आठवड्याला एक नाही, तरी दोन आठवड्यांना एक नक्की. त्यांच्या हाताशी स्टुडिओचा मोठा वाद्यवृंद असे. ब्रॅडली एमजीएममध्ये होते, आणि त्यांना विसेक वादकांवर भागवावं लागे. पण त्यांची नायक-जोडी जवळजवळ मुकी. तेव्हा टॉमची लबाडी, त्याची भीती, जेरीचा खट्याळपणा, सगळं वाद्यांनीच बोलायचं. आर्नोल्ड शोनबर्ग यांची बारा स्वरांची रचनापद्धती त्या काळात भल्याभल्यांना पचत नव्हती. १९४४च्या एका टॉम-जेरी पटात ब्रॅडलींनी ती चक्क विनोदासाठी वापरली. सभागृहात ज्या संगीताला श्रोते कपाळाला आठ्या घालत, ते चित्रपटगृहात पोरं हसत-हसत ऐकून गेली.

आणि तरीही या कामाला मान नव्हता. चित्रपट-संगीताच्या जगात ‘मिकी माउसिंग’ हा शब्द आहे. पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीला सुरांनी चिकटून राहणं, असा त्याचा अर्थ. गंभीर चित्रपटाच्या संगीतकाराबद्दल तो वापरला, तर ती जवळजवळ शिवीच. टॉम आणि जेरीच्या पटांना सात ऑस्कर मिळाली. लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीवर बेतलेला, टॉम पियानो वाजवतो तो पट त्यांतलाच. पण कार्टूनपटाचं ऑस्कर निर्मात्याच्या हाती जाई. आपल्याकडेही काही वेगळं नाही. कविसंमेलनात हसवणाऱ्या कवीला टाळ्या मिळतात, मान गंभीर कवी घेऊन जातात.

ही स्थिती पालटायला १९९० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी संचालक जॉर्ज डॉहर्टी यांनी ‘बग्ज बनी ऑन ब्रॉडवे’ हा कार्यक्रम रंगमंचावर आणला. मूळ कार्टूनपट मोठ्या पडद्यावर दाखवायचे, त्यांतलं संगीत पुसून टाकायचं, आणि पडद्यासमोर बसलेल्या वाद्यवृंदाने ते प्रत्यक्ष वाजवायचं. पात्रांची बोलणी आणि इतर आवाज मात्र जुन्या ध्वनिमुद्रणातलेच. पुढे २०१०पासून हाच कार्यक्रम ‘बग्ज बनी ॲट द सिंफनी’ या नावाने नव्या रूपात होऊ लागला.

आपल्या गाण्यातल्या साथीशी याची तुलना करून पाहा. गायकाने जागा लांबवली की पेटीवाला थांबतो, तबलजी ठेका सांभाळून घेतो. गायकही समेवर येताना साथीदाराकडे पाहतो. इथे ती सोय नाही. चक जोन्स यांचा ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ हा १९५७चा पट घ्या. वॅग्नरच्या अनेक तासांच्या संगीतनाट्यांतलं सार सात मिनिटांत, आणि गाणारे कोण, तर ससा आणि शिकारी एल्मर फड. हे आवाज मेल ब्लँक आणि आर्थर ब्रायन यांचे. ब्रायन १९५९ साली गेले, ब्लँक १९८९ साली. म्हणजे पहिला प्रयोग झाला तेव्हा दोघेही या जगात नव्हते. समोर जिवंत वाद्यवृंद, आणि गाणारे दिवंगत. ते कुणासाठी थांबणार नाहीत. दर वेळी समेवर पोचायचं ते वादकांनीच.

एक गंमत सांगतो. १९४९च्या एका पटात बग्ज बनी प्रसिद्ध संचालकाचं सोंग घेऊन हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर घुसतो आणि तिथल्या गर्विष्ठ गवयाची फजिती करतो. पुढे याच हॉलिवूड बोलवर वाद्यवृंदासह डॉहर्टींचा हा कार्यक्रम झाला. ज्या दरबाराची टिंगल केली, त्याच दरबारात विदूषकाला पालखीतून नेलं.

पण सगळंच इतकं सुखाचं नाही. एमजीएमने आपल्या वाद्यवृंदाच्या स्वरलिपीचा प्रचंड साठा १९६०च्या दशकाच्या अखेरीस टाकून दिला. जागा अडते म्हणून. ब्रिटिश संचालक जॉन विल्सन यांना त्या स्टुडिओच्या गाजलेल्या संगीतपटांची स्वरलिपी चित्रपट पुनःपुन्हा ऐकून, सूर न् सूर टिपून नव्याने लिहावी लागली. याच विल्सन यांनी २०१३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, ब्रॅडलींचं टॉम-जेरीचं संगीत सादर केलं. त्याचं चित्रीकरण मी पाहिलं आहे. व्हायोलिनवाल्यांची बोटं आणि गज दिसेनासे होतात इतका वेग. मागे तालवाद्यांचे वादक सभ्य पोशाखात उभे, चेहरे गंभीर, आणि हाताने ताटल्या फोडताहेत. त्याही अगदी समेवर!

आता कुणी म्हणेल, की हे सगळं मुलांना सभागृहात ओढण्याचं आमिष आहे. असेलही. पण मुलं तर आधीपासूनच हे ऐकत होती. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या कानावर लिस्ट, रोसिनी आणि वॅग्नर पहिल्यांदा पडले ते कार्टूनमधूनच. कुणी नावं सांगितली नव्हती एवढंच. खरी गरज मोठ्यांना आहे. पडद्यावरच्या धांदलीत, आदळआपटीच्या आवाजाखाली जे काम वर्षानुवर्षं झाकलेलं होतं, ते वादक समोर बसून वाजवू लागले की डोळ्यांना दिसतं. सभागृहाने या संगीताला मोठं केलं, असं मी म्हणणार नाही. ते मोठं होतंच. सभागृहाने फक्त त्यामागचा घाम दाखवला.

डॉहर्टींच्या कार्यक्रमात ‘बॅटन बनी’ हा १९५९चा पट असे. त्यात बग्ज बनी झुप्पे या संगीतकाराची रचना संचालित करतो. एक माशी त्याला छळते. तिला मारण्याच्या नादात तो सगळी वाद्यं उधळून टाकतो, पण संगीत शेवटाला नेतोच. मग तो प्रेक्षकांकडे वळतो, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. टाळ्यांचा बारीक आवाज येतो तो त्या माशीचा. ससा कुरकुर करत नाही. तो वाकून त्या एकाच श्रोत्याला मानाने अभिवादन करतो. स्टॉलिंग आणि ब्रॅडली यांची दाद बराच काळ एवढीच होती. आता पडद्यावर माशीच्या टाळ्या संपतात, तेव्हा भरलेल्या सभागृहाच्या टाळ्या सुरू होतात. दोघांपैकी कुणीही त्या ऐकायला उरलेलं नाही. ब्रॅडली १९७७ साली गेले, स्टॉलिंग त्याआधी पाच वर्षं. म्हणून निदान त्यांची नावं आपण लक्षात ठेवू या. आज संध्याकाळी नातवंडं दूरचित्रवाणीसमोर बसून हसू लागली, की त्यांनाही सांगा.