नकाशातील गमती



भूगोल म्हणजे रुक्ष पाठांतर, असा तुमचा समज असेल. पण भारताचा नकाशा उघडा आणि पाहा. राजस्थान इतके विस्तीर्ण की, त्यात नव्वद गोवे मावतील. उत्तर प्रदेशाला आठ राज्यांचा शेजार; १९७५ साली बाविसावे राज्य झालेल्या सिक्कीमला मात्र एकच, पश्चिम बंगालचा.

आता एक कोडे. बीडचे एक आजोबा आपले घर न सोडता तीन राज्यांत राहिले. कसे बरे? १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. घर तेच, नकाशा मात्र दोनदा बदलला!

म्हणून आजोबांच्या जुन्या दाखल्यावर हैदराबादचे नाव दिसले, तर त्यात काही चूक आहे असे समजू नका. निजामाच्या राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. तेव्हा दाखला उर्दूतही असेल. पालकहो, असे कागद जपून ठेवा. मुलामुलींना जवळ बसवून, नकाशावर बोट ठेवून त्यांचा अर्थ सांगा. आपल्या घराचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला देशाचा इतिहास परका वाटत नाही.